एक डोळा कड्यावर

राखणनानांशी बोलायला गेलं की पहिले दोन दिवस वाटायचं, हा माणूस आपल्याला मोजतच नाहीये. आपण समोर उभं राहून तावातावानं काहीतरी सांगतोय आणि यांची नजर आपल्या डोक्यावरून पलीकडं, डोंगराच्या कड्यावर. "हं" म्हणायचे तेही कड्याला! मी एकदा वैतागून मागं वळून बघितलं, माझ्यामागं कुणी उभं आहे की काय. कुणी नव्हतं. आणि तेवढ्यात नाना म्हणतात, "पोरी, बुटाची नाडी सुटलीया तुझी." म्हणजे कडा दिसत होता आणि बूटही दिसत होता. एकाच वेळी! हे कसं जमतं ते शोधण्यात माझा अख्खा हंगाम गेला आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं कळलेलं नाही.

नाना म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक आंब्याची बाग आहे, तिचे राखणदार. त्यांचं स्वतःचं गाव वर घाटमाथ्यावर, भात-नाचणीचं. माघात मोहोर धरला की खाली उतरायचे आणि शेवटचा आंबा निघाला की परत वर. मधले चार महिने मुक्काम बागेतल्या माळ्यावर. चार खांब, वर फळ्या, गवताचं छप्पर. काम एकच, वानरांपासून आंबा राखायचा. खरं नाव कुणीच घेत नसे, सगळ्यांचे ते राखणनाना. आणि त्यांचं हे काम गेलं ते माझ्यामुळं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना उगाच माझ्याबद्दल चांगलं मत व्हायला नको.

झालं असं की मी अवसरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट हवा होता. माझा पार्टनर सुशांत, त्याच्या मामांची ही बाग. मामांना सगळे अण्णा म्हणतात. आम्ही ठरवलं, वानर ओळखून पळवून लावणारं मशीन बनवायचं. कॅमेरा, छोटा कम्प्युटर, स्पीकर, वर सोलर पॅनल. अण्णा म्हणाले, "करा करा. चाललं तर पहिलं मीच घेणार." मला तर त्याच दिवशी पेपरात फोटो आल्यासारखं वाटलं! दर शनिवारी-रविवारी गाडी काढायची आणि मंचर, नारायणगाव करत बाग गाठायची. वानरांची माहिती कुणाला विचारायची? नानांना. दुसरं कोण होतं तिथं?

पहिला प्रश्न मी वहीत लिहूनच नेला होता. "नाना, माकडं साधारण किती वाजता येतात?"

नाना कड्याकडं बघत म्हणाले, "माकडं न्हाई येत हितं."

मी लगेच मोबाइलवर टाइप केलं, माकडं येत नाहीत. सुशांतला म्हटलं, चल रे, प्रोजेक्ट बुडाला. पंधरा मिनिटांत समोरच्या झाडावर वीसेक जणांची टोळी! मी ओरडले, "नाना, हे काय मग?"

"ही वानरं हायेत. माकड तांबड्या तोंडाचं, आखूड अंगाचं. त्ये तिकडं देवळाकडं, माणसांच्या पिशव्या वढतं. ह्यो काळ्या तोंडाचा, लांब शेपटाचा, त्यो वानर. तुला कुणी बकरीला गाय म्हणलं तर चालंल का?"

"मग तुम्ही मला लगेच नाही का सांगायचं?"

"तू इचारलंस त्येचं सांगितलं. आन तू लगीच टायपाय लागलीस. मी थांबलो."

हे "मी थांबलो" फार महत्त्वाचं. नाना सतत थांबलेले असत. उत्तराआधी थांबायचे, गोफण फिरवायच्या आधी थांबायचे, भाकरीचा घास तोंडाशी नेता नेता थांबायचे आणि मग कुठंतरी फांदी हललेली असायची. मी म्हणजे बरोबर उलटी. एक प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत दुसरा. नानांनी तिसऱ्याच शनिवारी निकाल लावून टाकला. "तू वानर हायस." मला राग यायच्या आत पुढं म्हणाले, "वाईट न्हाई सांगत. मी घोयरा हाय. जगात दोनच जाती."

घोयरा म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडं साधे सरडे ढीगभर, पण हा मी पुस्तकात शॅमेलिऑन म्हणून बघितलेला. तो इथं, जुन्नरात, बांधावरच्या घाणेरीच्या कुंपणात असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं! नानांनी काठीच्या टोकानं दाखवला तरी मला पाच मिनिटं दिसेना. पानच वाटत होतं. मग पान हललं, पुढं झुललं, मागं झुललं, परत पुढं, जसं काही वाऱ्यानं. वारा तर नव्हता. आणि मी किंचाळले.

"वरडू नकोस. बघ, काळा पडला."

खरंच अंगावर काळे ठिपके उमटले होते. मला वाटायचं हा ज्यावर बसतो त्याचा रंग घेतो. नाना म्हणाले तसं काही नाही. रागावला की काळा, भ्याला की काळा, गार सकाळी ऊन प्यायला बसला की उन्हाकडची बाजू काळी आणि सावलीकडची हिरवी. "त्येचं मन अंगावर दिसतं. माणसाचं दिसत न्हाई म्हणून माणूस त्येला भितो." बागेतले बाकीचे लोक याला भयंकर घाबरायचे. चावला की पाणी मागायला वेळ मिळत नाही म्हणायचे आणि दिसला की दगड घालायचे. नानांनी त्याच्यासमोर स्वतःचं बोट धरलं. तो चिमट्यासारखे पाय टाकत बोटावर चढला, शेपटीचं वेटोळं करंगळीला घातलं आणि बसला. "इख न्हाई का बिख न्हाई. पळता बी येत न्हाई बिचाऱ्याला."

तिथून तो खेळ सुरू झाला. वानर आणि घोयरा यांची तुलना! आम्ही माळ्यावर बसायचो, नाना कोडं टाकायचे आणि मी हमखास चुकायचे. "शेपूट कुणाची जास्ती कामाची?" मी म्हटलं, वानराची, केवढी लांब असते! नाना म्हणाले, "बघ मंग." मी अख्खी दुपार बघितलं. वानर शेपटीनं काहीच धरत नाही हो! फांदीला लटकत नाही, आंबा उचलत नाही. उडी मारताना शेपूट तोल सांभाळते तेवढंच. आणि हा वीतभर घोयरा शेपटीवर अख्खं अंग तोलतो. मी सुशांतला हे सांगितलं तर म्हणाला, कार्टूनमध्ये तर लटकतात. मी म्हटलं, कार्टूनवाले नानांना भेटले नाहीत.

मग दुसरं कोडं. "मोठा रंगबदल्या कोण?" हे तर सोपं! घोयरा. नाना हसले, पहिल्यांदाच. "वानराचं पोर बघितलंस का? जलमतं तवा अंग काळं आन तोंड गोरं. म्होटं झालं की उलटं, अंग पांढुरकं आन तोंड काळं. घोयरा रंग बदलतो आन माघारी येतो. वानर बदललं की बदललं, माघारी न्हाई." मी समोरच्या टोळीत शोधलं. एका मादीच्या पोटाशी काळपट गाठोडं होतं, त्यातून गुलाबी तोंड बाहेर. माझ्या हातातला मोबाइल पडायचाच राहिला होता!

पण खरं उत्तर, म्हणजे कडा आणि बूट एकदम दिसण्याचं, ते डोळ्यांत होतं. घोयऱ्याचे डोळे वेगवेगळे फिरतात. एक वर माशीकडं, एक खाली तुमच्याकडं. नाना म्हणायचे, "वानराचं दोनी डोळं म्होरं. आंबा दिसला की दोनी डोळं आंब्यावर. म्हणून तर त्यो राखण्याला गावतो. राखण्यानं तसं करून न्हाई चालत. एक डोळा आंब्यावर, एक डोळा कड्यावर." वानरं कड्यावरून उतरतात. आधी हुप्प्या, म्हणजे टोळीचा मोठा नर, शेंड्यावर येऊन बसतो. तो दिसला की नाना गोफण फिरवायचे आणि दगड त्याच्यापासून हातभर लांब पडायचा. नेम चुकायचा नाही, तिथंच टाकायचा असायचा. "राखण म्हंजी मारणं न्हवं. कुणीतरी बघतंय, एवढं त्यास्नी कळलं पायजे."

आमच्या मशीनची पहिली चाचणी मात्र सांगितलीच पाहिजे. वानर कशाला भितं? बिबट्याला! मग आम्ही बिबट्याच्या गुरगुरण्याचा आवाज मिळवला, मोठा स्पीकर लावला आणि बटण दाबलं. वानरं पळाली, खरंच पळाली. पण शेजारच्या रानात कांदा काढणाऱ्या बायका त्यांच्याही आधी पळाल्या! जिथं बिबटे वस्तीवर येतात त्या जुन्नरात बिबट्याचा आवाज वाजवायचा, म्हणजे काय डोकं म्हणायचं आमचं! अर्ध्या तासात वस्तीवरचे लोक काठ्या घेऊन हजर, कुणी वनखात्याला फोन केलेला, "पिंजरा लावा" म्हणून गलका. एक आजी तर शपथेवर सांगत होती की तिनं पट्टे बघितले. "बिबट्याला पट्टं नसत्यात, आजे," नाना माळ्यावरून म्हणाले. "त्यो या पोरीचा डबा हाय. त्यात हाय बिबट्या." अण्णांनी सगळ्यांची माफी मागितली आणि मी आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नाही.

पुढच्या शनिवारी गेले तर नाना आपण होऊन म्हणाले, "बिबट्या नगं. हुप्प्याचंच ऐकव त्यास्नी." आणि त्यांनी घशातून एक आवाज काढला. खॉक्! कोरडा, खोकल्यासारखा, पण धारदार. समोरच्या झाडावरची अख्खी टोळी एका क्षणात ताठ झाली आणि सरसर कड्याकडं निघाली. हुप्प्या धोका दिसला की हाच आवाज काढतो. मी नाचले. मशीनसाठी नानांचा आवाज रेकॉर्ड केला, सात-आठ वेळा, वेगवेगळा. आणि कॅमेरा एकाऐवजी दोन बसवले, प्रत्येकाला वेगळी मोटर. एक बागेकडं फिरणारा, एक कड्याकडं. सरळ घोयऱ्याची नक्कल! कॉलेजातल्या सरांना एवढं आवडलं की विचारू नका.

मशीन कुठं बसवायचं तेही मीच शोधलं. बांधाच्या वरच्या कोपऱ्यातून कडाही दिसायचा, बागही. तिथं तीन दगड होते, स्टँडच्या पायात यायचे, मी बाजूला टाकले. पुढच्या आठवड्यात ते परत तिथंच, तसेच, त्रिकोणात. परत टाकले. परत आले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला टापटिपीची सवय असेल. एकदाही विचारलं नाही. चार महिने त्या माणसाला शंभर प्रश्न विचारले असतील, पण हा नाही.

एप्रिलच्या शेवटी अण्णांना मशीन दाखवायचं ठरलं. हुप्प्या शेंड्यावर आला, कड्याकडच्या कॅमेऱ्यानं तो पकडला, स्पीकरमधून नाना खॉक् करून ओरडले आणि टोळी आल्या पावली माघारी. नाना माळ्यावर नुसते बसून होते, गोफण मांडीवर. दिवसभरात तीनदा टोळी आली, तीनदा गेली. अण्णा खूश! सुशांतच्या पाठीवर थाप मारली, माझ्याही मारली. म्हणाले, कोपऱ्यात पक्का खांब उभा करू, उद्याच जेसीबीवाल्याला खड्ड्याचं सांगतो. आणि मग त्याच आवाजात, तसंच हसत, वर बघून म्हणाले, "नाना, तुमाला आता पुढच्या साली एवढं उतरून यायची तसदी नको. वयबी झालं."

नाना म्हणाले, "बरं."

एवढंच. मी तिथंच उभी होते, हातात रिमोट. तुम्हाला वाटेल एवढं साधं गणित हिला कसं दिसलं नाही? नाही दिसलं. राखण करणारं मशीन बनवलं तर राखण करणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न माझ्या वहीत नव्हताच. दोन्ही डोळे आंब्यावर होते माझे.

अण्णा गेल्यावर मी माळ्यावर चढले. रडू येत होतं आणि रागही येत होता, तो नानांवरच निघाला. "तुम्हाला माहीत होतं ना? पहिल्या दिवसापासून? मग मला शिकवलं कशाला? आवाज कशाला दिला स्वतःचा?"

नाना थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले.

"तू इचारलंस म्हणून."

मग तेच म्हणाले, "इतकी वरसं राखण केली. ह्या बागेत, त्येच्या आधी दुसरीकडं. येणारा माणूस इचारतो, वानर गेलं का? गेलं. बास. वानर कसं हाय, त्येचं पोर कसं हाय, ह्ये कुनी इचारलं न्हाई. माझ्या पोरांनी बी न्हाई. तू इचारत ऱ्हायलीस, तर मी सांगत ऱ्हायलो. त्यात तुझं मशीन झालं तर झालं."

"मी अण्णांना सांगते. मशीन चालणार नाही म्हणते."

"चाललं की. समद्यांनी बघितलं. खोटं नगं बोलू." मग कड्यावरची नजर काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. तसं त्यांनी आधी कधी बघितलेलं मला आठवत नाही. "माझं एक काम कर. त्यो खड्डा त्या कोपऱ्यात नगं. ते तीन दगड हायेत का, त्येच्या खाली घोयरीची अंडी हायेत."

दिवाळीत झाडांची आळी बांधायला नाना दोन दिवस खाली आले होते, तेव्हाची गोष्ट. मादी कुंपणातून जमिनीवर उतरली, सकाळपासून दिवस कलेपर्यंत माती उकरत होती. अंडी घातली, माती ओढली, पायानं दाबली आणि निघून गेली. "वानरीण पोर मेलं तरी चार दिस पोटाशी धरून हिंडती. ही माघारी वळूनबी बघत न्हाई. मला तवा लई राग आला तिचा. मंग वाटलं, तिला काय करता येतंय? ती चालली तर लोक दगड घालणार. तिनं मातीवर भरवसा ठेवला." पाऊस यायच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात म्हणाले. म्हणून तीन दगड. आणि मी ते दर आठवड्याला फेकत होते.

खांब दहा फूट सरकला. त्यासाठी मी अण्णांपुढं एवढी हटून बसले की ते म्हणाले, "अगं बाई, तुझ्या सरड्यासाठी काय जागा नावावर करून देऊ का?" मी त्यांना खरं तेही सांगितलं. वानरांना आवाजाची सवय होणार, माणूस लागेलच, नानांना काढू नका. अण्णा म्हणाले, "बघू." पुढच्या हंगामात बागेत मशीन एकटंच होतं. म्हणजे अगदी एकटं नाही, नानांचा आवाज होता. महिनाभरानं सुशांतनं व्हिडिओ पाठवला, हुप्प्या आमच्या सोलर पॅनलवर बसून आंबा खातोय. खाली स्पीकरमधून नाना खॉक् खॉक् करतायत आणि तो शांतपणे चोखतोय. त्याला कळलं होतं, इथं कुणी बघत नाहीये.

पण मला शेवटी सांगायचंय ते त्याआधीचं, नाना बाग सोडून गेले त्याच जूनमधलं. शेवटचे आंबे निघाले त्या दिवशी नानांनी गोफण खांद्यावर टाकली, घोंगडी काखेत मारली आणि वरच्या वाटेला लागले. मी म्हटलं, सोडते गाडीवर. नको म्हणाले, वाटेत करवंदं बघायची होती. दोन आठवड्यांनी मी मशीन पावसाळ्यापुरतं काढून न्यायला बागेत गेले. सकाळची वेळ. सवयीनं कोपऱ्याकडं बघितलं. तीन दगड जागेवर. बाजूला मातीत एक बारीक भोक, काल नव्हतं असं वाटावं इतकं ताजं.

मी खाली बसले. आणि थांबले. खरंच थांबले, मोबाइल खिशातच ठेवून! किती वेळ गेला माहीत नाही. मग घाणेरीची एक काडी झुलली. काडीवर बोटाच्या पेराएवढा घोयरा. सगळं जागच्या जागी, चिमटे, वेटोळं, वेगवेगळे फिरणारे डोळे, सगळं टाचणीच्या टोकाएवढं. मग त्याच्या वर एक, पानाच्या खाली एक. दहा फुटांवर आमच्या मशीनचे दोन्ही कॅमेरे भिरभिर फिरत होते आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मी नानांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर फोन लावला. नाना नाचणीचं रोप टाकायला शेतावर गेलेले, कुणीतरी हाक मारून बोलावलं. धापा टाकत आले. मी एका दमात सगळं ओरडून टाकलं.

"हळू. ऐकू येतंय मला," नाना म्हणाले. मग थांबले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे "बरं" म्हणून ठेवून देतील.

"किती हायेत?"

"नऊ दिसतायत. नाही, दहा."

"रंग कसला?"

मी खाली वाकले. "फिका आहे नाना. पिवळट. एकाच्या कुशीवर हिरवी रेघ."

"उन्हात बसलंय का सावलीत?"

"अर्धं उन्हात."

"उन्हाकडची बाजू कशी हाय? आन डोळं? दोनी तुझ्याकडंच हायेत का येक दुसरीकडं?"

मी बघितलं. नीट बघितलं आणि मग सांगितलं. ते पुढचं विचारत राहिले आणि मी सांगत राहिले, फोनची बॅटरी संपेपर्यंत.